नवा कॅमेरा, जुनं लाइटरूम: सीआर३ फाइली उघडायच्या कशा?

माळरान

नमस्कार मंडळी. जाणकारांची मदत हवी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी हौसेने पक्ष्यांचे फोटो काढते. आजवर कॅननचा ७०डी होता. नान्नजची माळरानं आणि हिवाळ्यात भिगवणला उजनीचं पाणी, ही नेहमीची ठिकाणं. आता आर१० घेतला आहे, सोबत आरएफ १००-४०० लेन्स. कॅमेरा फार आवडला. पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस असा धरून ठेवतो की उडणारा नदी सुरयसुद्धा धारदार मिळतो.

अडचण घरी आल्यावर. माझ्याकडे लाइटरूम ६ आहे, फोटो सुधारायचं आणि सांभाळायचं अडोबीचं सॉफ्टवेअर, एकरकमी पैसे भरून घेतलेलं. ७०डीच्या सीआर२ फाइली (म्हणजे कॅननचे रॉ, कॅमेऱ्याने न रंगवलेले कच्चे फोटो) त्यात बिनबोभाट उघडतात. आर१०च्या कार्डावरचे जेपेग तेवढे आत येतात, त्याचे रॉ म्हणजे सीआर३ मात्र येतच नाहीत. एका मित्राने सुचवलं म्हणून एका प्रतीचं नाव बदलून सीआर२ करून पाहिलं, तेही उघडलं नाही. जिथून कॅमेरा घेतला तिथे विचारलं तर 'नवं सॉफ्टवेअर घ्या' एवढंच उत्तर मिळालं.

लाइटरूम सोडायचं नाही, कारण माझा सगळा कॅटलॉग त्यात आहे. प्रत्येक फोटोला पक्ष्याचं नाव, ठिकाण, महिना असे कीवर्ड लावलेले आहेत. 'धाविक, नान्नज' एवढं टाकलं की सगळे धाविक समोर येतात. हे काम पुन्हा करणं मला शक्य नाही. आणि नुसत्या जेपेगवर भागत नाही. पहाटेच्या उजेडात पांढऱ्या पक्ष्याची पिसं फोटोत जळतात, तपशील जाऊन नुसती पांढरी दिसतात, तिथे रॉच लागतो.

लॅपटॉप विंडोज १०, रॅम ८ जीबी. काय करावं?

उंबरठा

आधी लाइटरूम ६.१४ पर्यंत अद्ययावत आहे का ते बघा. हेल्पच्या यादीत आवृत्तीचा क्रमांक दिसतो.

माळरान

हो, ६.१४च आहे.

लोलक

ताई, तुमचं कार्ड, कॅमेरा, लॅपटॉप, सगळं व्यवस्थित आहे. तारखा बघितल्या की उलगडा होतो. लाइटरूम ६ आलं एप्रिल २०१५ मध्ये. त्याची शेवटची सुधारणा म्हणजे ६.१४, डिसेंबर २०१७ची. त्यानंतर दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, कॅननने एम५० जाहीर केला आणि त्याच्याबरोबर सीआर३ हा नवा फाइलप्रकार आणला. आर१० तर २०२२ सालचा. तुमच्या लाइटरूमचं काम थांबलं तेव्हा सीआर३ जन्मालाच आलेला नव्हता.

नाव बदलून का उघडत नाही, तेही सांगतो. सीआर२ हा टिफ या जुन्या फोटोप्रकाराच्या पायावर बांधलेला होता. सीआर३ची बांधणी वेगळ्याच घराण्यातली आहे: एमपी४ व्हिडिओ आणि मोबाइलचे एचईआयसी फोटो ज्या पायावर उभे आहेत, तोच याचाही पाया. आत कप्पे असतात. एकात कॅमेऱ्याची माहिती, एकात छोटा जेपेग, एकात पूर्ण आकाराचा जेपेग आणि एकात सेन्सरचा कच्चा डेटा, तोही कॅननच्या स्वतःच्या पद्धतीने दाबलेला. जुनं लाइटरूम पहिल्या काही बाइटांतच अडखळतं. डेटापर्यंत त्याचा हात पोचतच नाही.

बरं, कप्पे उघडता आले तरी काम संपत नाही. रॉ फाइलीत तयार चित्र नसतं. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचा आकडा असतो. त्या आकड्यांतून चित्र करायचं तर सॉफ्टवेअरला त्या मॉडेलची माहिती लागते: काळा कुठल्या आकड्यापासून धरायचा, पांढरा कुठे संपतो, कडेचे किती बिंदू झाकलेले आहेत, आणि या सेन्सरचा लाल म्हणजे खरा कुठला लाल. म्हणूनच फाइलप्रकार तोच असला तरी मॉडेल नवं निघालं की जुनी सॉफ्टवेअर हात वर करतात. निकॉनचा एनईएफ आणि सोनीचा एआरडब्ल्यू वर्षानुवर्षं त्याच नावाचे आहेत, तरी नव्या मॉडेलची फाइल जुन्या लाइटरूमला ओळखू येत नाही.

उपाय आहे आणि फुकट आहे. अडोबीने सप्टेंबर २००४ मध्ये डीएनजी हा खुला रॉ प्रकार जाहीर केला. मॉडेलची ही सगळी माहिती डीएनजीत फाइलीच्या पोटातच लिहिलेली असते. त्यामुळे उघडणाऱ्या सॉफ्टवेअरने तो कॅमेरा कधी पाहिलेला नसला तरी चालतं. सीआर३चं डीएनजी करणारं 'डीएनजी कन्व्हर्टर' अडोबी फुकट देते आणि नवे कॅमेरे आले की तेही अद्ययावत होतं. आजचं ताजं कन्व्हर्टर उतरवून घ्या आणि त्यातून काढलेली डीएनजी तुमच्या २०१७च्या लाइटरूममध्ये टाका. उघडेल.

माळरान

लोलक दादा, मनापासून आभार. कन्व्हर्टर उतरवलं. पण फोल्डर निवडायच्या खिडकीत माझं फोल्डर रिकामं दिसतं. फाइली तर त्यात आहेत.

लोलक

ती खिडकी फक्त फोल्डर दाखवते, आतल्या फाइली दाखवत नाही. आत शिरायचंच नाही. एक पायरी वर थांबा, फोल्डरवर एकदा क्लिक करा आणि निवडा. इथे बरेच जण अडतात.

आता महत्त्वाचं. खाली 'प्रेफरन्सेस'चं बटण आहे. त्यात पहिलाच रकाना कंपॅटिबिलिटीचा. तो नव्यातल्या नव्या आवृत्तीवर असेल तर जुन्या लाइटरूमला पेलणार नाही अशी डीएनजी तयार होऊ शकते. तिथे 'कॅमेरा रॉ ७.१ आणि त्यापुढील' निवडा (कॅमेरा रॉ म्हणजे अडोबीचा रॉ उघडणारा भाग). लाइटरूम ४.१ पासून पुढच्या सगळ्यांना ते चालतं, म्हणजे तुमच्या ६ ला नक्की.

जेपेग प्रिव्ह्यू मध्यम आकाराचा ठेवा. 'फास्ट लोड डेटा'वर टिक राहू द्या, ८ जीबी रॅमवर फोटो उघडताना त्याचा फायदा होतो. 'लॉसी' कॉम्प्रेशनवर टिक नको, त्यात माहिती कायमची जाते. 'लिनिअर' नावाचा पर्याय दिसला तर तोही नको. त्यात प्रत्येक बिंदूचे तिन्ही रंग आधीच काढून ठेवले जातात, फाइल फुगते आणि तो टप्पा पुन्हा तुमच्या हाती राहत नाही. मूळ रॉ डीएनजीच्या आत बसवण्याची सोय आहे, त्याची गरज नाही, आकार जवळपास दुप्पट होतो.

प्रकाशपेटी

माझा अनुभव जोडतो. आमचा कोल्हापुरात स्टुडिओ आहे, लग्नाचे अल्बम करतो. अजून फोटोशॉप सीएस६ वरच काम चालतं. अल्बमच्या सगळ्या ॲक्शन (एका क्लिकवर चालणाऱ्या ठरावीक पायऱ्या) त्यात बसवलेल्या आहेत, कारागिरांचा हात त्यावर बसलेला आहे. सीएस६ साठी कॅमेरा रॉची शेवटची आवृत्ती ९.१.१, ती २०१५ ची. म्हणजे २०१५ नंतरचा कुठलाही कॅमेरा आमच्यासाठी नवाच. आम्ही सरळ सगळं डीएनजी करतो आणि ७.१ हीच सेटिंग. काम चोख होतं, ग्राहकाची तक्रार नाही.

कोणी अजून सीएस५ वर असेल तर त्याची गाडी कॅमेरा रॉ ६.७ ला थांबली. त्यांनी कन्व्हर्टरमध्ये '६.६ आणि त्यापुढील' निवडायचं. सीएस४ असेल तर '५.४'.

एक खबरदारी: नवं कन्व्हर्टर विंडोज ७ वर चढत नाही. आमचं एक जुनं मशीन तसंच आहे. त्यामुळे रूपांतर दुसऱ्या लॅपटॉपवर करतो आणि डीएनजी नेटवर्कवरून जुन्या मशीनवर नेतो. फोटोशॉप जुन्या मशीनवर, कन्व्हर्टर नव्या मशीनवर, यात काही अडत नाही.

आणि ताई, डीएनजी झाली की सीआर३ उडवून टाका. दोन दोन प्रती ठेवून हार्डडिस्क भरते. एका लग्नाचे हजारो फोटो असतात, आम्हाला परवडत नाही.

लोलक

प्रकाशपेटी, बाकी सगळ्याला +१, पण शेवटच्या मुद्द्यावर माझा ठाम विरोध आहे. सीआर३ उडवू नयेत.

डीएनजीतून परत सीआर३ करता येत नाही. कॅननचं स्वतःचं सॉफ्टवेअर, डिजिटल फोटो प्रोफेशनल, डीएनजी वाचत नाही. त्यात कॅननचे पिक्चर स्टाइल (कॅमेऱ्यातले ठरलेले रंगप्रकार) आणि लेन्सच्या दुरुस्त्या जशा लागतात तशा दुसरीकडे लागत नाहीत. उद्या कुठल्या नव्या सॉफ्टवेअरला मूळ फाइल हवी झाली तर हातात काही उरणार नाही. आणि एखाद्या स्पर्धेने किंवा मासिकाने मूळ रॉ मागितला, तर कॅमेऱ्यातून निघालेली फाइल जवळ असणं केव्हाही बरं. पक्ष्यांच्या फोटोंत हा प्रसंग येतो. दुर्मीळ पक्ष्याची नोंद केली की लोक पुरावा मागतात.

लग्नाच्या कामात अल्बम सुपूर्द झाला की विषय संपतो, तुमचा हिशेब मला समजतो. ताईंच्या फोटोंना तो लागू नाही. आज नान्नजला टिपलेला पक्षी पुढे तिथे दिसेलच याची खात्री नाही. माळढोकाचं काय झालं ते आपण बघतोच आहोत.

प्रकाशपेटी

हे मान्य. पक्ष्यांच्या बाबतीत माझा सल्ला मागे घेतो.

दीपस्तंभ

थोडा वेगळा विचार मांडतो. दर फेरीनंतर रूपांतर करत बसण्यापेक्षा लाइटरूम क्लासिकची वर्गणी का नको? जुना कॅटलॉग त्यात जसाच्या तसा येतो, कीवर्ड, रेटिंग सगळं. सीआर३ थेट उघडतात. एप्रिल २०२३ पासून त्यात एआयवर चालणारं, फोटोतला दाणेदारपणा काढणारं डीनॉइज आहे, पहाटेच्या आयएसओ ६४०० च्या फोटोंत जीव आणतं. आपोआप पक्षी निवडणारे मास्क आहेत. कॅमेऱ्यावर एवढा खर्च केला आहे, तर त्याचा पूर्ण फायदा घ्यावा असं मला वाटतं.

माळरान

दीपस्तंभ, विचार केला होता. पण माझा लॅपटॉप जुना आहे, ती एआयची कामं त्याला झेपतील असं वाटत नाही. आणि दर महिन्याला पैसे भरत राहायचं हे मला नको आहे. हौस आहे, काही महिने कॅमेरा कपाटातही राहतो.

लोलक

दीपस्तंभ यांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त एक गोष्ट आधी माहीत असावी. क्लासिक जुना कॅटलॉग वर चढवून घेतं, पण चढवलेला कॅटलॉग लाइटरूम ६ मध्ये परत उघडत नाही. चढवताना ते जुन्याला हात न लावता नवी प्रत करतं, ती जुनी प्रत जपून ठेवायची. त्यानंतर क्लासिकमध्ये केलेलं काम मात्र जुन्यात दिसणार नाही. चाचणीचे दिवस फुकट मिळतात, कॅटलॉगच्या प्रतीवर करून बघायला हरकत नाही.

पेंग्विन

म्युनिकहून लिहितोय. सगळी चर्चा अडोबीभोवतीच फिरते आहे, म्हणून मुक्त सॉफ्टवेअरची बाजू मांडतो.

डार्कटेबलमध्ये सीआर३ उघडण्याची सोय डिसेंबर २०२१ च्या ३.८ आवृत्तीत आली. रॉथेरपीत प्राथमिक स्वरूपात ती २०२० च्या ५.८ मध्येच होती. दोन्ही पूर्ण फुकट, विंडोजवरही चालतात, वर्गणी नाही. यामागे किती मेहनत आहे ते सांगायला हवं. कॅननने सीआर३ची रचना जाहीर केलेली नाही. लॉरां क्लेव्ही यांनी फाइली बाइटागणिक तपासून तिची रचना लिहून काढली आणि सगळ्यांसाठी खुली ठेवली. त्याआधी डेव्ह कॉफिन यांनी १९९७ पासून एकट्याच्या बळावर 'डीसीरॉ' हे रॉ उघडणारं सॉफ्टवेअर लिहिलं. कितीतरी मुक्त सॉफ्टवेअरांचा पाया त्यावर आहे, आजचं 'लिबरॉ'ही त्यातूनच निघालं. आपण फोटो उघडतो तेव्हा या माणसांचे कष्ट त्यामागे असतात, हे मला नेहमी जाणवतं.

लिनक्सवाल्यांसाठी सूचना: सीआर३ उघडते पण लेन्सचं नाव, शटर, आयएसओ काहीच दिसत नाही, अशी तक्रार कधी कधी येते. फाइलीतली माहिती वाचणारं 'एक्झिव्ह२' ही सॉफ्टवेअर लायब्ररी (इतर सॉफ्टवेअर वापरतात तो तयार कोड) काही लिनक्स वितरणांनी पेटंटच्या शंकेमुळे सीआर३ची सोय बंद ठेवून बांधलेली असते. तो दोष डार्कटेबलचा नाही.

आणि एक विनंती. कोणाकडे अगदी नवा कॅमेरा असेल तर 'रॉ डॉट पिक्सल्स डॉट यूएस' (raw.pixls.us) या संकेतस्थळावर त्याच्या नमुना फाइली चढवा. नमुने मिळाले तरच हे लोक त्या मॉडेलचा आधार तयार करू शकतात. आरॉसारख्या काही प्रकारांत दाबण्याच्या पद्धतीही दोन-तीन असतात, प्रत्येकीचा एक नमुना द्यावा. माणसांचे चेहरे नसलेला साधा फोटो पुरतो.

उंबरठा

'आरॉ' म्हणजे सोनीचा एआरडब्ल्यू ना? :)

पेंग्विन

हो, तोच.

माळरान

काम झालं! भिगवणची सगळी फेरी डीएनजी होऊन लाइटरूममध्ये आली. रोहितांचा थवा उघडला तेव्हा फार आनंद झाला. कीवर्ड लावले, शोधात जुन्या रोहितांच्या शेजारी नवे दिसले. सगळ्यांचे आभार.

दोन शंका राहिल्या. लाइटरूममध्ये फोटो आल्याबरोबर क्षणभर कॅमेऱ्यासारखे गुलाबी दिसतात आणि मग रंग बदलून थोडे पिवळट, फिके होतात. रूपांतरात काही गेलं का? दुसरं, १०० एमएमला क्षितिजाची रेघ कडेला किंचित वाकलेली वाटते.

लोलक

काहीही गेलेलं नाही. सुरुवातीला दिसतो तो फाइलीतला जेपेग, कॅमेऱ्याने स्वतःच्या पिक्चर स्टाइलने रंगवलेला. मग लाइटरूम कच्च्या डेटावरून स्वतःचं चित्र काढतं, तेव्हा अडोबीचं प्रोफाइल, म्हणजे त्या कॅमेऱ्याच्या रंगांचं गणित, लागतं. ७०डीच्या वेळीही हे होत असणार. त्या रंगांची सवय झाली होती म्हणून आता फरक जाणवतो.

डेव्हलपमध्ये सगळ्यात खाली कॅमेरा कॅलिब्रेशनची पट्टी आहे. तिथे प्रोफाइलची यादी उघडा. डीएनजीच्या पोटातून आलेलं 'अडोबी स्टँडर्ड' असेलच. 'कॅमेरा स्टँडर्ड', 'कॅमेरा लँडस्केप' अशी नावंही दिसली तर ती लावून बघा, ती कॅननच्या रंगांच्या जवळ जातात. ही प्रोफाइलं डीसीपी नावाच्या छोट्या फाइलींत असतात आणि लाइटरूम ६ ला डीसीपी कळतात. एप्रिल २०१८ मध्ये आलेली 'अडोबी कलर' वगैरे प्रोफाइलं वेगळ्या प्रकारची आहेत, ती तुमच्याकडे दिसणार नाहीत.

यादीत काहीच मिळालं नाही तर स्वतःचं प्रोफाइल करता येतं. २४ रंगांच्या चौकोनांचा कलरचेकर मिळतो. उन्हात त्याचा एक फोटो काढा, डीएनजी करा आणि अडोबीच्या फुकट 'डीएनजी प्रोफाइल एडिटर'मध्ये उघडा. चार कोपरे चारही टोकांच्या चौकोनांवर बसवले की तो मोजणी करून प्रोफाइल तयार करतो. गुलाबी आणि नारिंगी पिसांत याचा फरक ठळक दिसतो. चक्रवाकाचा अंगरंग एकदा त्या प्रोफाइलने बघा. कलरचेकर महाग आहे, विकत घेण्याआधी एखाद्या छायाचित्रकाराकडून तासाभरासाठी मागून घ्या. एकदा प्रोफाइल झालं की तो रोज लागत नाही.

रेघेबद्दल: 'लेन्स करेक्शन्स'मध्ये प्रोफाइल चालू केल्यावर लेन्सचं नाव आपोआप येतं का बघा. नाहीच आलं तर 'मॅन्युअल'मध्ये डिस्टॉर्शनचा सरकपट्टा आहे, रेघ सरळ होईपर्यंत हलवा आणि त्याचा प्रीसेट करून ठेवा. नव्या मिररलेस लेन्स बनवतानाच पुढची दुरुस्ती सॉफ्टवेअर करेल असं गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे कच्च्या फाइलीत वाकडेपणा जास्त दिसतो.

उंबरठा

एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने फाइलीतलं कॅमेऱ्याचं नाव बदलायचं आणि जुन्या मॉडेलचं टाकायचं, ही युक्ती वाचली होती. त्याने डीएनजीचा टप्पा वाचेल का?

लोलक

सीआर३ला अजिबात नाही, कारण इथे फाइलप्रकारच नवा आहे. तोच सेन्सर आणि तीच बांधणी ठेवून कंपनीने फक्त नव्या नावाने मॉडेल काढलं असेल, तर कधी कधी चालते. पण काळ्याची पातळी आणि रंगांचं गणित जुन्या मॉडेलचं लागतं, सावल्यांत जांभळट झाक येऊ शकते. निकॉनमध्ये अजून एक अडथळा आहे: तिथे फाइलीतली काही माहिती कुलूपबंद असते. २००५ मध्ये डी२एक्सच्या फाइलीतला व्हाइट बॅलन्स कुलूपबंद निघाला तेव्हा अडोबीच्या थॉमस नोल यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. प्रयोग करायचाच तर प्रतीवर करा, मूळ फाइलीवर कधीच नको.

रानपाखरू

ताई, मीही आर१० वापरतो, एक सावधगिरी सांगतो. यात 'रॉ बर्स्ट' नावाचा प्रकार आहे, सेकंदाला ३० फोटो, आणि शटर पूर्ण दाबायच्या आधीचा अर्धा सेकंदही टिपता येतो. खंड्या सूर मारतो ते पकडायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पण त्या सगळ्या फोटोंची मिळून एकच मोठी सीआर३ फाइल होते. ती तशीच कन्व्हर्टरला देऊ नका. आधी कॅमेऱ्यातच किंवा कॅननच्या डिजिटल फोटो प्रोफेशनलमध्ये ती उघडायची, हवे ते फोटो निवडायचे आणि वेगवेगळ्या सीआर३ म्हणून जतन करायचे. मग त्यांचं डीएनजी. ते सॉफ्टवेअर कॅननच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं, कॅमेऱ्याचा सिरियल नंबर विचारतात तो बुडाशी असतो.

आणि मेनूत एचडीआर पीक्यू बंद ठेवा. तो चालू असला की जेपेगऐवजी एचईआयएफ तयार होतात, तेही लाइटरूम ६ ला उघडणार नाहीत.

माळरान

रानपाखरू, हे फार कामाचं. त्या डिजिटल फोटो प्रोफेशनलमधून टिफ काढून लाइटरूममध्ये टाकले तर? मग डीएनजी लागणारच नाही.

लोलक

एखाद-दुसऱ्या खास फोटोला जरूर करा, कॅननचे रंग जसेच्या तसे मिळतात. सगळ्यांना नको. हिशेब बघा: ६००० गुणिले ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख बिंदू, प्रत्येकाचे तीन रंग, प्रत्येक रंगाला १६ बिट म्हणजे २ बाइट. झाले १४४ एमबी, एका फोटोचे. डीएनजी साधारण सीआर३एवढीच राहते. शिवाय टिफमध्ये व्हाइट बॅलन्स आधीच मुरलेला असतो, पहाटेचा निळेपणा काढताना रॉइतकी मोकळीक मिळत नाही.

बॅकअपचंही सांगतो. सीआर२वर काम करताना बदल शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलीत लिहिले जातात. डीएनजीत ते फाइलीच्या आतच लिहिले जातात. त्यामुळे 'बदल फाइलीत आपोआप लिहा' ही सोय चालू असेल तर एक कीवर्ड लावला तरी अख्खी डीएनजी बदलली असं बॅकअपला वाटतं आणि ती पुन्हा कॉपी होते. ती सोय बंद ठेवा, कॅटलॉगचा बॅकअप मात्र नेमाने घ्या. मूळ सीआर३ एका बाहेरच्या डिस्कवर तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवा, त्यांना पुन्हा हात लावायची गरज पडत नाही.

लाइब्ररीच्या मेनूत 'व्हॅलिडेट डीएनजी फाइल्स' आहे. कन्व्हर्टर डीएनजीत डेटाची खूण लिहून ठेवतो, ती जुळते का हे हा पर्याय तपासतो. डिस्क खराब होऊन एखादी फाइल बिघडली असेल तर लगेच कळतं. सीआर३ला ही सोय नाही.

सायसाखर

विषय जुळतो म्हणून इथेच विचारते. माझा आयफोन १६ प्रो आहे, प्रोरॉमध्ये, म्हणजे आयफोनच्या रॉ प्रकारात, फोटो काढते. तो तर डीएनजीच देतो, तरी माझ्या जुन्या लाइटरूममध्ये उघडत नाही. डीएनजी सगळीकडे उघडते ना?

लोलक

डीएनजीच्याही आवृत्त्या आहेत. २०२३ मध्ये आलेल्या १.७ मध्ये जेपेग एक्सएल ही दाबण्याची नवी पद्धत आली. तुमचा फोन ती वापरत असेल तर जुन्या सॉफ्टवेअरला कळणार नाही. फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, तिथे प्रोरॉचा पर्याय बघा. 'जेपेग लॉसलेस, मोस्ट कंपॅटिबल' असा आहे, तो निवडा. फाइल मोठी होईल. त्यातही जुन्या लाइटरूममध्ये फोटो फोनवर दिसतो त्यापेक्षा सपाट दिसेल, कारण फोनने त्यात लिहिलेल्या काही उजेडाच्या सूचना जुन्याला वाचता येत नाहीत.

जुनाआयमॅक

मॅकवाल्यांसाठी दोन ओळी. लाइटरूम ६ चा इन्स्टॉलर ३२ बिटचा आहे, मॅकओएस कॅटालिना म्हणजे १०.१५ पासून पुढे तो चालत नाही. ज्यांना लाइटरूम ६ ठेवायचं आहे त्यांनी मॅकओएस मोहावीच्या पुढे नेऊ नये. अ‍ॅपलचं जुनं फोटो सॉफ्टवेअर अ‍ॅपर्चरही मोहावीपर्यंतच. त्यात रॉ उघडण्याचं काम मॅकओएस स्वतः करतं, त्यामुळे तिथे अ‍ॅपर्चर जुनं असण्यापेक्षा मॅकओएस जुनं असणं जास्त आडवं येतं.

गारगोटी

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. माझा निकॉन झेड८ आहे आणि लाइटरूम ६. डीएनजी कन्व्हर्टरने काम होतं. पण मित्राकडच्या डार्कटेबलमध्ये माझ्या एनईएफ उघडत नाहीत, त्याच्या झेड६च्या उघडतात. दोन्ही एनईएफच आहेत.

पेंग्विन

तुमच्या कॅमेऱ्यात रॉ रेकॉर्डिंग 'हाय एफिशियन्सी'वर असणार. ती दाबण्याची पद्धत निकॉनने झेड९ पासून आणली, इंटोपिक्स या कंपनीचं तंत्रज्ञान आहे, आणि मुक्त सॉफ्टवेअरना ती उलगडणं जड गेलं आहे. मेनूत 'लॉसलेस कॉम्प्रेशन' निवडा. कार्डावर जागा जास्त लागेल, पण फाइल बऱ्याच ठिकाणी उघडेल. आधीच काढलेल्या फोटोंना डीएनजी कन्व्हर्टर आहेच, किंवा निकॉनचं फुकट एनएक्स स्टुडिओ.

गारगोटी

बघितलं, तेच होतं. बदललं. आता काढलेली फाइल मित्राला पाठवतो.

माळरान

रानपाखरू, बर्स्टमधून फोटो वेगळे काढले, खंड्याचे निवडक आता डीएनजीत आहेत. लोलक दादा, १०० एमएमचा प्रीसेट तयार झाला आहे. कोणाकडे आर१० आणि १००-४०० असेल तर संदेश करा, पाठवते. पुढच्या आठवड्यात सोलापुरातल्या एका छायाचित्रकाराकडून कलरचेकर मिळतो आहे. प्रोफाइल झालं की तेही इथेच देते.